लक्ष टिकवण्याची सवय कशी लावावी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

भाषांतराचे काम घरी बसून करू लागल्यावर पहिल्याच वर्षी मी एका नव्या वहीच्या पहिल्या पानावर सात संकल्प लिहिले होते. पहाटे पाचला उठणे, व्यायाम, ध्यान, तासभर वाचन, सलग चार तास काम, कामाच्या वेळी फोनला हात न लावणे आणि रात्री दिवसभराचा आढावा घेणे. त्या वहीत पहिले दहा दिवस सातही रकान्यांत बरोबरच्या खुणा आहेत, अकराव्या दिवशी तीन आहेत, बाराव्या दिवशी एक, आणि त्यापुढची पाने कोरी आहेत. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते माझ्या बाबतीत जवळजवळ तंतोतंत खरे ठरले. आपल्या अंगी चिकाटीच नाही, अशी तेव्हा माझी समजूत झाली. पुढे बरीच धरसोड झाल्यावर लक्षात आले की चूक मांडणीत होती. सात नव्या गोष्टी रोज आठवून, ठरवून आणि मनाला ढकलून करायच्या म्हटल्यावर कोणाचीही दमछाक होईल. सवय लागणे म्हणजे ते ढकलणे संपणे, आणि ते संपेपर्यंत एका वेळी एकाच गोष्टीला सांभाळता येते.

कामाला बसल्यावर ज्यांचे चित्त पंधरा मिनिटेही थाऱ्यावर राहत नाही, दिवसभर राबूनही संध्याकाळी हाती काही लागले नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. लक्ष न टिकण्याचा त्रास लहानपणापासून सतत असेल, किंवा त्याच्या जोडीला दीर्घकाळ उदासी, झोप उडणे अशी लक्षणे असतील, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एडीएचडीसारख्या अवस्थेवर (लक्ष टिकवणे कठीण जाणे आणि अतिचंचलता ही तिची लक्षणे) उपचार उपलब्ध आहेत, आणि केवळ सवयींच्या बळावर तिच्याशी झगडत राहणे हा स्वतःवर अन्याय आहे.

किती दिवस लागतात?

एकवीस दिवसांत सवय लागते असे सर्रास सांगितले जाते. त्यावर विसंबू नका, कारण बाविसाव्या दिवशी जड वाटले की माणूस स्वतःला दोष देऊन मोकळा होतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक नवी कृती रोज ठरावीक प्रसंगी करायला सांगितली आणि १२ आठवडे त्यांच्या नोंदी घेतल्या. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधून २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या हिशेबानुसार कृती आपोआप घडू लागण्याचा मध्यक काळ (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून अधिक लागतो तो) ६६ दिवस निघाला, पण व्यक्तीव्यक्तींमधला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. तेव्हा मनाची तयारी दोन ते तीन महिन्यांची ठेवा. लवकर जमले तर आनंदच आहे.

लागणारे साहित्य

- एक साधी वही आणि पेन. छापील नियोजन-वही किंवा सशुल्क ॲप सुरुवातीला घेऊ नका. त्यांची रचना लावण्यातच पहिला आठवडा निघून जातो.
- फोनपासून वेगळा असा टाइमर. स्वयंपाकघरातला चावीचा टाइमर किंवा गजराचे घड्याळ पुरते.
- कामासाठी ठरलेली एकच जागा. टेबलाचा एक कोपरा असला तरी चालेल, मात्र त्या कोपऱ्यात दुसरे काही करायचे नाही.
- कामाच्या वेळी फोन ठेवण्यासाठी दुसऱ्या खोलीतली जागा.

१. पहिला आठवडा फक्त नोंद घ्या

पहिल्या सात दिवसांत काहीही बदलू नका. दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, मागच्या काही तासांत काय केले ते वहीत दोन ओळींत लिहा. शिवाय कामाच्या वेळी जवळ एक कागद ठेवा आणि लक्ष विचलित झाले की त्यावर एक उभी रेघ ओढा. फोन वाजल्यामुळे, कोणी हाक मारल्यामुळे लक्ष गेले तर रेघेला आडवी काट द्या. कोणत्याही कारणाविना आपणच उठलो असू तर रेघ तशीच ठेवा.

माझ्या पहिल्या दिवशीच्या कागदावर सकाळच्या तीन तासांत एकतीस रेघा होत्या, आणि काट मिळालेल्या फक्त सहा. उरलेल्या पंचवीस वेळा मला कोणीही बोलावले नव्हते. एखादा अवघड शब्द अडला की माझा हात टेबलाच्या उजव्या कडेकडे, जिथे फोन पालथा ठेवलेला असे तिकडे, माझ्या नकळत सरकत होता. मी तोपर्यंत घरातल्या आवाजांना आणि लोकांच्या फोनना दोष देत होते. तो कागद पाहिल्यावर तो दोष देणे थांबले.

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण ती गाळतात. गाळू नका. कोणत्या वेळी तुमचे डोके तरतरीत असते, कोणत्या कामापासून तुम्ही पळता, आणि पळून कुठे जाता, या तीन प्रश्नांची उत्तरे याच नोंदींतून मिळतात, आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्या उत्तरांवर उभ्या आहेत.

२. एकच सवय निवडा आणि ती लहान करा

नोंदी वाचून एक सवय ठरवा. ती इतकी लहान असावी की थकलेल्या, कंटाळलेल्या दिवशीही ती करता येईल. रोज चार तास एकाग्रतेने काम करणे ही सवय नव्हे, ती सवयीची दूरची फळे आहेत. रोज एकदा टाइमर लावून पंधरा मिनिटे एकाच कामावर बसणे, ही सुरुवात करण्याजोगी सवय आहे.

येथे आरंभशूरांची एक ठरावीक फसगत होते. पहिले चार दिवस उत्साह असतो, म्हणून पंधराची चाळीस मिनिटे होतात, मग तासभर. पाचव्या दिवशी तासभर बसण्याचे त्राण नसते, आणि तासभर जमणार नसेल तर बसावेच कशाला, असे मन सांगू लागते. म्हणून पहिले तीन आठवडे वरची मर्यादाही पाळा. पंधरा मिनिटे झाली की काम रंगात आलेले असले तरी सवयीची खूण वहीत करून उठा. पुढे काम करायचे असेल तर ते नव्याने बसून करा, पण त्याची गणना सवयीत करू नका.

३. सवय एखाद्या खुणेला बांधा

माझ्या अनुभवात सर्वांत अधिक फरक या पायरीने पडला, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते. आपण सहसा ठरवतो ते असे: उद्यापासून लक्ष देऊन काम करायचे. यात केव्हा, कुठे आणि कशानंतर यांपैकी काहीच नाही, त्यामुळे रोज त्या क्षणी नव्याने निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णयाच्या त्या फटीतूनच चालढकल आत शिरते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात यावर एक साधा उपाय अभ्यासला. संकल्प ‘जर अमुक घडले, तर मी तमुक करीन’ अशा वाक्यात बांधायचा. पुढे २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह अशा ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा असे बांधलेले वाक्य उद्दिष्ट गाठण्यास चांगल्यापैकी मदत करते असे दिसून आले. याचे कारण समजण्यासारखे आहे. कृती केव्हा करायची हे आधीच ठरलेले असल्यामुळे तो प्रसंग समोर येताच कृतीची आठवण आपसूक होते, आणि करू की नको हा विचार मध्ये येत नाही.

खूण, म्हणजे जिच्यानंतर लगेच सवय सुरू करायची ती गोष्ट, निवडताना घड्याळाच्या वेळेपेक्षा रोज न चुकता घडणारी कृती घ्या. ‘सकाळी नऊ वाजता’ असे ठरवले तर नऊ वाजून दहा मिनिटांनी दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. ‘आंघोळ करून आल्यावर’ असे ठरवले तर आंघोळ आठला होवो की साडेनऊला, खूण जागेवरच असते. माझे वाक्य असे होते: ‘सकाळचा कप विसळून पालथा ठेवला की मी टेबलाशी बसून टाइमरला चावी देईन.’ कप पालथा घालण्याचा तो बारीकसा आवाज काही आठवड्यांनी माझ्यासाठी कामाची घंटाच झाला. तुमचे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर, अगदी याच ‘जर… तर…’ या साच्यात लिहा.

खूण चुकीची निवडली आहे हे ओळखण्याची एक रीत आहे. आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा खूण घडूनही सवय आठवलीच नसेल, तर ती खूण फार अस्पष्ट आहे. ‘जेवणानंतर’ ही खूण मला कधीच लागू पडली नाही, कारण जेवण नेमके कोणत्या क्षणी संपते हे सांगता येत नाही. ‘ताट उचलून ठेवले की’ ही लागू पडते.

४. फोन नजरेआड ठेवा

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे म्हणतात, आणि फोनकडे हात जाण्याच्या बाबतीत ते मला बरेचसे खरे वाटते. जुनी सवय पुसली जात नाही; तिला चालना देणारी खूण दूर केली की ती निजून राहते. म्हणून फोन न पाहण्याचा निश्चय करण्यापेक्षा फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे सोपे आणि टिकाऊ आहे. पालथा ठेवणे, आवाज बंद करणे, खिशात ठेवणे, हे तिन्ही मी करून पाहिले आणि तिन्ही अपुरे पडले. टेबलाजवळ फोन नाही म्हणून उठून दुसऱ्या खोलीत जावे लागले, की त्या सात-आठ पावलांत ‘मी कशासाठी उठले’ हे ध्यानात येते, आणि निम्म्याहून अधिक वेळा मी तशीच परत फिरत असे.

घरातल्या आजारी माणसासाठी किंवा मुलांसाठी फोन जवळ हवाच असेल, तर ठरावीक क्रमांकांचेच कॉल वाजतील अशी व्यवस्था फोनच्या सेटिंगमध्ये करता येते. ती करा आणि बाकीचे नोटिफिकेशन बंद ठेवा. संगणकावरच काम असेल तर कामासाठी लागणारी खिडकी सोडून बाकी सर्व बंद करा. केवळ लहान करून खाली ठेवलेली खिडकी बंद धरू नका.

व्यत्ययांबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. व्यत्यय आले तर काम अपुरे राहते असेच नेहमी होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेतील ग्लोरिया मार्क यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या आणि २००८ मध्ये मांडलेल्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवले, आणि त्याचा दर्जाही घसरला नाही. परंतु त्यांच्यावरचा ताण, वैताग आणि वेळेचे दडपण वाढले होते. दिवसाअखेरीस काम उरकलेले असूनही आपण पिळून निघाल्यासारखे का होतो, हे मला त्यावरून उमगले.

५. टाइमर चालू असताना एकच काम

इटलीतील फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टाइमर वापरून २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती अशी रीत बसवली. टोमॅटोला इटालियन भाषेत पोमोदोरो म्हणतात, त्यावरून ती रीत पोमोदोरो म्हणून ओळखली जाते. चार फेऱ्या झाल्या की मोठी विश्रांती घ्यायची असते. पंचवीस हा आकडा पवित्र नाही. पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांनी पाच-पाच मिनिटे वाढवा, आणि जिथे अस्वस्थता सुरू होते त्याच्या जरा अलीकडे थांबा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे येथेही लागू आहे.

त्या वेळात दोन कामे आलटून पालटून करू नका. एक ना धड भाराभर चिंध्या अशी त्याची गत होते. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले की अपुऱ्या कामावरून दुसऱ्या कामाकडे वळल्यावर मनाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळत राहतो आणि नव्या कामाला पुरता मिळत नाही. म्हणून मध्येच थांबावे लागले तर पुढे काय करायचे होते ते एका ओळीत लिहून मगच उठा.

आता प्रश्न असा की, टाइमर चालू असताना बिल भरायचे राहिले, भावाला फोन करायचा आहे, असे विचार येतातच, त्यांचे काय करायचे? ते दाबू नका. जवळच्या कागदावर दोन-तीन शब्दांत उतरवा आणि कामाकडे परता. अपुऱ्या गोष्टी मनात टोचत राहतात. त्या केव्हा आणि कशा करायच्या हे ठरवले की टोचणी कमी होते, असे मानसशास्त्रज्ञ मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ मधील प्रयोगांत आढळले. त्यामुळे नुसते ‘बिल’ असे न लिहिता ‘बिल, जेवणापूर्वी’ असे लिहा.

६. विश्रांतीत पडदा बदलू नका

संगणकावरून उठून फोनवर बसणे ही विश्रांती नव्हे. उभे राहा, पाणी प्या, खिडकीतून लांबवर पाहा, चार पावले चाला. पाच मिनिटे संपली हे सांगायलाही टाइमरच लावा.

७. झोप कापून वेळ काढू नका

माझ्या सात संकल्पांतला पहिला, पहाटे पाचला उठण्याचा, हाच बाकीच्या सहांच्या मुळावर आला होता, कारण उठण्याची वेळ मी दोन तास अलीकडे आणली होती आणि झोपण्याची जागच्या जागी ठेवली होती. हान्स व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ दिवस रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची लक्ष देण्याची आणि स्मरणाची क्षमता पूर्ण जागरणाच्या एक-दोन रात्रींनंतर व्हावी इतकी घसरली होती. त्यातली काळजीची बाब ही की आपण इतके मंदावलो आहोत याची त्या लोकांना स्वतःला फारशी जाणीव नव्हती. प्रौढांसाठी ७ किंवा अधिक तास झोपेची शिफारस केली जाते.

लवकर उठायचे असेल तर आधी झोपण्याची वेळ अलीकडे आणा, तीही आठवड्याला पंधरा मिनिटे या गतीने. चहा किंवा कॉफीतले कॅफिन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात, व्यक्तीनुसार कमी-अधिकही लागतात. म्हणून दुपार टळल्यावर ते टाळणे हितावह आहे. रात्रीचा गजर फोनवर लावत असाल तर आता गजराचे घड्याळ वापरा, म्हणजे उशाशी फोन ठेवण्याचे कारणच उरणार नाही.

८. उद्याचे पहिले काम आजच लिहून ठेवा

दिवसाचे काम संपवताना शेवटची पाच मिनिटे यासाठी राखा. ‘भाषांतर पुढे नेणे’ असे लिहून उपयोग नाही. ‘पान १४, दुसरा परिच्छेद, “अनुमती” की “परवानगी” हे ठरवणे’ असे लिहिले की सकाळी बसल्या बसल्या हात चालू लागतो. कामाचा कागद, शब्दकोश, पेन, जे लागेल ते टेबलावर मांडूनच उठा.

दिवसाला तीनपेक्षा अधिक महत्त्वाची कामे लिहू नका. आपले अंदाज नेहमी आशावादी असतात. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पुरा होईल हे विचारले होते. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, आणि प्रत्यक्षात ५५ दिवसांहून अधिक लागले. मी आता कोणत्याही कामाला माझ्या अंदाजाच्या दीडपट वेळ धरते, आणि तरीही कधी कधी तो कमी पडतो.

९. खंड पडला तर

खंड पडणारच. आजारपण येते, पाहुणे येतात, प्रवास घडतो. लॅली यांच्या त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला म्हणण्यासारखा धक्का बसत नाही असे दिसले होते. घात होतो तो दुसऱ्या दिवशी, ‘आता साखळी तुटलीच आहे’ या विचाराने. त्यासाठी सवयीचे एक किमान रूप आधीच ठरवून ठेवा: पंधरा मिनिटे शक्य नसतील तर दोन मिनिटे, टेबल नसेल तर मांडीवर वही घेऊन, पण त्याच खुणेनंतर.

चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून करू नका. त्यामुळे सवय शिक्षेसारखी वाटू लागते. वहीत चुकलेल्या दिवसाची जागा कोरी सोडा आणि शेजारी कारण लिहा. तेच कारण तीनदा आले, तर खूण किंवा वेळ बदलण्याची गरज आहे असे समजा.

१०. दुसरी सवय केव्हा जोडावी

वहीतल्या खुणा मोजून हे ठरवू नका. स्वतःला तीन प्रश्न विचारा. खूण घडल्यावर आठवण न करता हात कामाकडे जातो का? एखाद्या दिवशी सवय राहून गेली तर चुकल्याचुकल्यासारखे वाटते का? ‘करू की नको’ हा विचार गेल्या दोन आठवड्यांत मनात आला नाही ना? तिन्हींची उत्तरे मनाजोगती असतील तरच पुढची सवय घ्या, आणि शक्य असेल तर ती पहिलीच्याच शेपटाला जोडा. टाइमर वाजून थांबला, ही तिची खूण होऊ शकते. माझी दुसरी सवय, संध्याकाळी उद्याचे काम लिहिण्याची, पहिलीनंतर अकरा आठवड्यांनी सुरू झाली. तिसरी अजून घेतलेली नाही.